‘सर, अ‍ॅक्सिस नहीं लगता’: ऑनलाइन प्रोग्रेसिव्ह चष्म्यात माझे 12,726 रुपये कसे गेले

आकडे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ‘हजारभर रुपयांसाठी एवढी बोंब कशाला’ असं कोणी म्हणणार नाही. ऑनलाइन प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे एकाच काचेत दूरचाही नंबर आणि वाचायचाही, 4,596. ‘रीमेक चार्ज’च्या नावाखाली उकळलेले 650. परत पाठवायचं कुरियर 180. आणि शेवटी झक मारत गोव्यात आमच्या फोंड्यातल्याच दुकानात करून घेतलेला चष्मा 7,300. बेरीज 12,726. परत काय मिळालं? एक हजार रुपयांचं कूपन, तेही त्याच साइटवरून आणखी एक चष्मा घ्यायला!

मी हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहितो. दुसऱ्यांची बिलं तपासण्यात माझा जन्म गेलाय, तेव्हा ‘स्वस्ताच्या मागे लागलं की असंच होतं’ हे मला ऐकवू नका. फोंड्यातल्या चष्मेवाल्याने फ्रेमचे 1,800 आणि प्रोग्रेसिव्ह काचांचे 5,500 सांगितले होते. फोनवर जाहिरात आली, फ्रेमसकट प्रोग्रेसिव्ह 2,999. घरात कॉलेजची फी भरायची होती. अशा वेळी दोन्ही आकडे डोळ्यांसमोर असताना कोण थांबतो ते सांगा. पुढे ‘पातळ काच 1.61’चे 899, ब्ल्यू कटचे (निळा उजेड अडवणारा थर) 499 आणि ‘लेन्स प्रोटेक्शन’चे 199 जोडत गेले ते वेगळं. हे प्रोटेक्शन म्हणजे नेमकं काय, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

प्रोग्रेसिव्हच का, तर गावच्या जत्रेतल्या नाटकाला मी विंगेत प्रॉम्प्टर असतो. नजर वहीवर, लगेच नटाच्या तोंडाकडे, परत वहीवर. वाचायचा चष्मा काढत-घालत बसलो तर राजा रंगमंचावर मुका उभा राहील.

आता तो फोन. ऑर्डर दिल्यावर ‘कन्फर्मेशन’साठी एका मुलीचा फोन आला. डॉक्टरांची चिठ्ठी मी फोटो काढून पाठवली होतीच, तरी हिशेबाच्या सवयीने सगळं वाचून दाखवायला लागलो. उजवा डोळा मायनस दीड, सिलिंडर मायनस पाऊण, अ‍ॅक्सिस 80. तिने मध्येच तोडलं, “सर, अ‍ॅक्सिस नहीं लगता, सिस्टम ले लेता है.” तिथेच फोन आपटायला हवा होता! सिलिंडर म्हणजे डोळ्याची एकाच दिशेतली कसर भरून काढणारा नंबर, आणि तो ज्या कोनात बसवायचा तो कोन म्हणजे अ‍ॅक्सिस. तो नसेल तर सिलिंडरला काही अर्थच उरत नाही. एवढं मला तेव्हाही ठाऊक होतं, गेली वीस वर्षं चष्मा लावतोय. पण समोरची पोरगी इतक्या ठामपणे बोलत होती, की वाटलं, त्यांची यंत्रं नवी असतील, फोटोवरून घेत असतील. रोज शंभर चष्मे करणाऱ्याला मी कोण शिकवणार? असंच वाटतं आपल्याला, आणि ते नेमकं यावरच जगतात.

बुबुळांमधलं अंतर सेल्फीवरून घेतलं, कपाळाला एटीएम कार्ड लावून. बुबुळापासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंतची उंची तर कोणी विचारलीच नाही. प्रोग्रेसिव्ह काचेत दूरचा नंबर वर, वाचायचा खाली आणि मधला पट्टा चिंचोळा असतो. ही उंची मोजल्याशिवाय तो पट्टा डोळ्यासमोर यायचा कसा? ज्यांनी उंची विचारली नाही, त्यांना प्रोग्रेसिव्ह बनवायचाच नव्हता, असं माझं स्पष्ट मत आहे.

चष्मा आला. घालून पायऱ्या उतरताना जमीन वर यायची. वही धरली तर अक्षरं पुसट, हनुवटी आढ्याकडे नेली तर जरा बरी. चॅटवर लिहिलं. उत्तर आलं, ‘प्रोग्रेसिव्हची सवय व्हायला पंधरा दिवस लागतात, रोज वापरा.’ सवय लागते हे खोटं नाही, म्हणून तर विश्वास बसला. मग परतीची मुदत बघितली, ती सात दिवसांची! म्हणजे यांचा सल्ला पाळणारा माणूस आपोआप मुदतीबाहेर जातो. हे चुकून झालेलं नाही, हे रचलेलं आहे.

भांडल्यावर म्हणाले, 650 भरा, नव्याने करून देतो. भरले. चष्मा न्यायला माणूस येणार होता, तर ‘तुमच्या पिनकोडला पिकअप नाही’. माल पोचवायला 403 ने सुरू होणारा पिनकोड चालतो, परत न्यायला चालत नाही. कुरियरचे 180 माझ्याच खिशातून. आणि दुसरा जोड आला तो हुबेहूब पहिल्यासारखा. माझी तर पक्की खात्री आहे, पहिलाच पुसून नव्या डबीत घातला.

तो घेऊन फोंड्याच्या चष्मेवाल्याकडे गेलो तेव्हा मान वर करवत नव्हती. त्याने एका शब्दाने टोमणा मारला नाही, याचाच जास्त राग आला. लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर ठेवून त्याने सगळं कागदावर लिहून दिलं. उजव्या डोळ्याचा अ‍ॅक्सिस 80 हवा, आहे 180. वाचायची अ‍ॅडिशन, म्हणजे वाचण्यासाठी दूरच्या नंबरात मिळवायचा जादा नंबर, सव्वादोन हवी, आहे दीड. बुबुळांचं अंतर माझं 59 मिलिमीटर, काचा 63 ला बसवलेल्या. मग त्याने काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि उजेडात तिरकी धरली. दोन बारीक कोरलेल्या खुणा दिसल्या, एकमेकींपासून 34 मिलिमीटरवर. प्रोग्रेसिव्ह काचेवर या असतातच. कानाकडच्या खुणेखाली अ‍ॅडिशन कोरलेली असते. माझ्या काचेवर 15, म्हणजे दीड. चोरी काचेवरच लिहून पाठवली होती! तुमच्याकडे नवा प्रोग्रेसिव्ह आला असेल तर आत्ताच वाफ सोडून बघा. फ्रेमही इतकी आखूड, की त्यात दुसऱ्या प्रोग्रेसिव्ह काचा नीट बसणार नव्हत्या. म्हणून पूर्ण 7,300 गेले, नाहीतर निदान फ्रेम तरी वाचली असती.

सगळे दुकानदार संत आहेत असं मी म्हणत नाही. काहींना चिठ्ठी परत द्यायचं जिवावर येतं, काही ‘जर्मन काच’ म्हणून काय बसवतील सांगता येत नाही. काचेचं मूळ पाकीट आणि कार्ड मागून घ्या. पण तिथे पेनाने काचेवर ठिपका मारून उंची मोजणारा माणूस समोर असतो आणि बिघडलं तर त्याचं दुकान जागेवर असतं.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाला, “तुका चष्मो मेळ्ळा मरे? मागीर फसवणूक खंय जाली?” म्हटलं, तांदळाचे पैसे घेऊन कोंडा दिला तर? तो हसला आणि दिवाणी मामला म्हणून बाहेरचा रस्ता दाखवला. बँक म्हणाली, यूपीआयचा पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काही करू शकत नाही. (क्रेडिट कार्डाने भरले असते तर निदान व्यवहारावर वाद तरी उठवता आला असता. ‘प्रीपेड यूपीआय, जादा सूट’ का देतात ते कळलं ना?) तक्रारीच्या एका फोन क्रमांकावर नोंद केली, तर काही दिवसांनी संदेश आला, ‘कंपनीने तक्रार निवारण केले आहे’. तक्रार बंद. निवारण म्हणजे ते कूपन! मला कोणी विचारलं? ज्याच्यावर आरोप, त्यानेच सांगायचं की मिटलं, आणि यांनी शिक्का मारायचा.

मग पणजीतलं एक कार्यालय. तिथल्या साहेबांना माझा अर्ज मराठीत आहे हीच अडचण. “इंग्लिशमध्ये आणा.” 1987 च्या राजभाषा कायद्याने गोव्यात सरकारी कामाला कोकणीबरोबर मराठीही चालते, हे मी त्यांना सांगायचं! इंग्रजीत करून नेला, तर म्हणाले, हे इथलं नव्हे, पर्वरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. पर्वरीला गेलो तेव्हा कळलं, आमचा फोंडा तालुका 2015 पासून दक्षिण गोव्यात आहे, म्हणजे मला मडगावला जायला हवं. पणजीतल्या साहेबांना आपल्या एवढ्याशा राज्यातले जिल्हेही पाठ नाहीत? एक रजा आणि कदंब बसचं भाडं यातच गेलं. ते वर धरलेल्या हिशेबात नाही.

आयोगाची गोष्ट मात्र कोणी नीट सांगत नाही, म्हणून मी सांगतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी दिल्लीची असो की आणखी कुठली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. वकील नसला तरी चालतं. आणि ‘ऑर्डरप्रमाणे बनवलेली वस्तू परत घेत नाही’ या वाक्याला घाबरू नका. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितली तशी नसेल, तर परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर असायलाच हवा, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात. माझ्यावाल्या साइटवर नाव नव्हतं, पत्ता नव्हता, बिलावर जीएसटी क्रमांकही नव्हता. पैसे भरण्याआधी हे बघा, फ्रेमचा रंग नंतर.

साधा दूरचा चष्मा, लहान नंबर, सिलिंडर नाही, तर मागवा खुशाल. प्रोग्रेसिव्ह नको म्हणजे नको. फोनवर कोणी ‘लागत नाही’ म्हटलं तर ते लिहून मागा.

मडगावला तक्रार दाखल केली आहे. दाखल झाल्याबरोबर कंपनीचा फोन, “सर, चष्मा परत पाठवा, पूर्ण पैसे देतो.” आधी पैसे टाका म्हटलं, फोन कट. असा फोन तुम्हालाही येईल. चष्मा अजिबात हातचा सोडू नका. काचेवरचा तो 15 गेला, तर आयोगासमोर दाखवायला तुमच्याकडे राहील फक्त चष्मेवाल्याची चिठ्ठी.