तीन फुटी फिश टँक : दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावी गप्पी, मॉली आणि प्लॅटी पाळण्यासाठी मी गेल्या दिवाळीत काचकाम करणाऱ्या कारागिराकडून तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि पंधरा इंच उंच अशी टाकी बनवून घेतली. आता हिवाळा, उन्हाळा आणि निम्मा पावसाळा उलटून गेल्यामुळे तिच्या आकाराविषयी खात्रीने लिहिता येईल.

दुकानात दोन फूट लांब आणि बावीस इंच उंच टाकीही होती. ती दिसायला देखणी होती आणि जागाही कमी घेत होती. दोन्ही टाक्यांत पाणी जवळपास सारखेच, म्हणजे शंभर लिटरच्या आसपास मावते. परंतु हवेला उघडा राहणारा पाण्याचा पृष्ठभाग उंच टाकीत दोन चौरस फूट, तर लांब टाकीत तीन चौरस फूट असतो. प्राणवायू पाण्यात शिरतो तो मुख्यतः याच पृष्ठभागातून, आणि पाणी जसे तापते तशी प्राणवायू धरून ठेवण्याची त्याची क्षमता घटते. २५ अंशांना एका लिटरमध्ये साधारण ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३५ अंशांना जेमतेम ७. त्याच वेळी उष्णतेमुळे माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. म्हणून पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या आपल्या भागात टाकी निवडताना उंचीपेक्षा लांबी-रुंदी पाहावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, याची खरी परीक्षा झाली. आजारी माशांसाठी ठेवलेली एक फुटी टाकी त्याच खोलीत, त्याच कूलरसमोर होती. दुपारी तीनच्या सुमारास तिच्यातील पाणी ३४ अंशांवर जाई आणि त्यातील मॉली पृष्ठभागाशी तोंड लावून भराभर कल्ले हलवताना दिसे. मोठ्या टाकीतील पाणी मात्र ३१ अंशांच्या वर गेले नाही आणि तेथील मासे तळाशीही मोकळे फिरत होते. पाण्याचा साठा मोठा असला की ते सावकाश तापते आणि सावकाश निवते, आणि माशांना सर्वांत जास्त त्रास होतो तो तापमानाच्या अचानक चढउताराचाच.

टाकीसोबत मिळालेले अखंड काचेचे झाकण उन्हाळ्यात काढून मी मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली आणि पृष्ठभागावर छोटा पंखा लावला. कोरड्या हवेत बाष्पीभवनामुळे पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. दमट आषाढात हा उपाय फारसा चालत नाही, पण तोवर ऊनही कमी झालेले असते. मात्र बाष्पीभवनात केवळ पाणी उडते, क्षार मागेच राहतात. आमच्या बोअरचे पाणी जड असल्याने काचेवर पांढरी रेघ उमटू लागली, तेव्हापासून घटलेले पाणी मी आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने भरतो. गप्पी आणि मॉली यांना जड पाणी मानवते, तरी क्षार सतत वाढत जाणे बरे नव्हे.

वजनाचा विचार आधीच करावा. पाणी, रेती आणि काच मिळून सव्वाशे किलोच्या पुढे जाते. त्यामुळे लोखंडी अँगलचा स्टँड, सपाट फरशी आणि टाकीखाली थर्माकोलची शीट हवीच; कुडाच्या भिंतीतल्या फळीवर ही टाकी ठेवू नये.

शेजारचे काका येतात तेव्हा विचारतात, "काहून भाऊ, एवढी मोठी टाकी अन् एवढेसेच मासे?" पण रात्री लोडशेडिंगमध्ये एअर पंप बंद पडतो, तेव्हा हीच विरळ वस्ती माशांना तारते. टाकीची मोजणी मी पंप चालू असताना किती मासे जगतील यावर करत नाही. पंप चार तास बंद राहिला तर किती तग धरतील, यावर करतो. गप्पींची पिल्ले वाढू लागली की ती गावातल्या मुलांना देतो, आणि दोन फुटी टाकी घेऊ पाहणाऱ्यांना याहूनही निम्मेच मासे ठेवायला सांगतो.