स्लावला उतरायचं की ट्वायफर्डला?

दर उन्हाळ्यात लंडनच्या मराठी घरांतून मला एकच फोन येतो. आई-बाबा आलेत, टॉवर ब्रिज झाला, बकिंगहॅमच्या फाटकासमोर फोटो झाले, आता एक दिवस जरा बाहेर न्यायचंय. नदीकाठचं जुनं गाव हवं, पण प्रवासातच दिवस जायला नको. विंडसरला जाऊ की हेन्लेला? मी रेडिंगला राहते, त्यामुळे दोन्ही गावं माझ्या रोजच्या रुळांवरची. पाहुणे नेऊन नेऊन आता मला तिथले जिने आणि बाकडी तोंडपाठ झाली आहेत.

दोन्ही गावं थेम्सच्या काठची आणि जायची वाटही बरीचशी एकच. एलिझाबेथ लाइनच्या जांभळ्या गाडीत बसायचं. स्लावला उतरून (स्पेलिंग बघून ‘स्लो’ म्हणू नका, हसतात) सहा मिनिटांची छोटी गाडी पकडली की विंडसर. न उतरता पुढे ट्वायफर्डपर्यंत गेलात, तर तिथून बारा मिनिटांची छोटी गाडी हेन्लेला सोडते. विंडसरची गाडी चुकली तर वीसेक मिनिटांत दुसरी येते. हेन्लेची चुकली तर फलाटावर डबा उघडायची वेळ येऊ शकते. वॉटर्लूहून विंडसरला थेट गाडीही आहे, साधारण तासाभराची. आणि आई-बाबांच्या हातात ऑयस्टर कार्ड (लंडनच्या बस-रेल्वेचं कार्ड) देऊन मोकळे होऊ नका. ते वेस्ट ड्रेटन स्टेशनच्या पुढे चालत नाही.

विंडसरला जायचं म्हणजे किल्ल्यासाठी जायचं, बाकी सगळं त्याच्या पदराखालचं. विल्यम द कॉन्करर याने 1070 च्या सुमारास हा किल्ला बांधायला घेतला आणि राजघराणं आजही तिथे राहतं. आपल्याला किल्ला म्हटलं की पडके बुरूज आणि उन्हातली चढण आठवते. इथे बुरुजाच्या आत गालिचे, झुंबरं आणि चांदीची भांडी. बाबांची पहिली प्रतिक्रिया होती, “हा किल्ला कसला, हा तर वाडा!” ती मला अजूनही पटते.

तिकीट माणशी तीस पौंडांच्या आसपास, म्हणजे तीन हजार रुपयांहून बरंच जास्त. ऑनलाइन आधी काढलं तर दारात काढण्यापेक्षा स्वस्त पडतं. शिवाय किल्ल्याकडूनच थेट घेतलेल्या तिकिटाचा वर्षाचा पास करून मिळतो. पाहुण्यांना त्याचा उपयोग नाही, पण तुम्हाला आहे: मे महिन्यात आई-बाबा, ऑगस्टमध्ये सासू-सासरे, तुमचा खर्च एकदाच.

आत दोन-अडीच तास जातात. ते कुठे घालवायचे यावर माझी ठाम मतं आहेत. बहुतेक जण बाहुल्यांच्या घरापाशी रांग लावतात. ते 1924 मध्ये पूर्ण झालेलं, बारापट लहान केलेलं घर आहे. नळाला पाणी येतं, दिवे लागतात. त्याची रचना लुटियन्सची, म्हणजे त्याच काळात नवी दिल्ली उभारणाऱ्याची. छान आहे, पण रांग लांब असेल तर सोडून द्या आणि वॉटर्लू चेंबरमध्ये वेळ काढा. तिथे सगळे मान वर करून भिंतींवरची राजे-सेनापतींची चित्रं बघतात. तुम्ही मान खाली घाला. पायाशी पसरलेला तो प्रचंड गालिचा आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणलेला आहे. व्हिक्टोरियाच्या 1887 च्या ज्युबिलीनिमित्त तो करायला घेतला आणि 1894 मध्ये पुरा झाला. कुठेही जोड नाही, वजन दोन टनांच्या घरात. 20 नोव्हेंबर 1992 ला किल्ल्याला आग लागली तेव्हा तो हलवायला पन्नास सैनिक लागले. बाबा बँकेत होते, त्यामुळे त्यांनी तिथेच एका हातरुंदीत किती गाठी, रोज किती कैदी, असा हिशेब मांडला. शेवटी पहारेकरी बाईंनी हसून पुढे सरकवलं.

ग्रँड व्हेस्टिब्यूल नावाच्या दालनात टिपू सुलतानाच्या सिंहासनावरचं सोन्याचं वाघाचं डोकं आहे. श्रीरंगपट्टण 1799 मध्ये पडल्यावर लुटीत आलेलं. ते पाहिल्यावर प्रत्येक मराठी बाबा विचारतातच, म्हणून आधीच सांगते: वाघनखं इथली नव्हेत. ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची, 2024 मध्ये साताऱ्याला पाठवलेली.

मग सेंट जॉर्जेस चॅपल. आठवा हेन्री इथेच पुरलेला आहे. पण लोक थांबतात ते एका लहानशा कोनाड्यापुढे, जिथे काळ्या दगडावर जॉर्ज, दोन एलिझाबेथ आणि फिलिप एवढीच नावं नि सालं आहेत. आई तिथे चप्पल काढायला निघाली होती.

विंडसरच्या खाचखळग्यांपैकी पहिला मला स्वतःला भोवला. किल्ला मंगळवारी आणि बुधवारी बंद असतो. मी एकदा कामावर रजा टाकून, मावशीला घेऊन, मंगळवारी फाटकाशी उभी राहिले. चूक सर्वस्वी माझी. रविवारी किल्ला उघडा असतो, पण चॅपल फक्त प्रार्थनेला, पाहायला नाही. उन्हाळ्यात शेवटचा प्रवेश चार वाजता, थंडीत तीनला. आणि चढ आहे, फरशी खडबडीत आहे. गुडघ्यांची तक्रार असेल तर काठी आणा, लाजू नका.

किल्ल्याबाहेर पडलात की उतारावरून थेट नदी. पुलावर मोटारींना बंदी, पलीकडे ईटन, 1440 पासूनची शाळा, काळ्या कोटातली मुलं. पाहिलं न पाहिलंसं केलं तरी चालेल. काठावरच्या बागेत डबा उघडा, मात्र हंसांपासून जपा. माझी दशमी एकाने हातातून नेली आहे. वारा पूर्वेचा असेल तर हीथ्रोला उतरणारी विमानं दर दोन मिनिटांनी डोक्यावरून जातात. बाबांना ते किल्ल्याइतकंच आवडलं.

आता हेन्ले. इथे ‘बघायचं काय’ असं विचारलंत तर माझी जरा पंचाईत होते. पाच कमानींचा दगडी पूल आहे, 1786 चा. त्याच्या मधल्या कमानीवर दोन बाजूंना दोन चेहरे कोरलेत, एक थेम्सबाबाचा, एक आयसिस देवीचा. कोरणारी बाई होती, अ‍ॅन डेमर, आणि अठराव्या शतकात बाईने छिन्नी धरणं ही काही साधी गोष्ट नव्हती. गंमत म्हणजे पुलावर उभं राहून ते दिसत नाहीत. काठावर यावं लागतं किंवा होडीत बसावं लागतं. होडीवाले हॉब्स 1870 पासून इथे आहेत. तासाभराची फेरी घ्या. विंडसरलाही होडी मिळते, पण तिथे ती किल्ल्यानंतरचं शेपूट वाटते. हेन्लेला तीच मुख्य गोष्ट.

बाकी मग बसायचं. मिल मेडोजच्या हिरवळीवर बाकडी आहेत, सपाट रस्ता आहे, तिकीट नाही, रांग नाही, तपासणी नाही. पूल ओलांडून पलीकडच्या काठाने खाली चालत गेलात तर टेम्पल आयलंडपर्यंत जाता येतं, आणि तीच 1839 पासूनच्या प्रसिद्ध वल्हवणी शर्यतीची वाट. त्या शर्यतीचा आठवडा, जूनचा शेवट ते जुलैची सुरुवात, गावात पाय ठेवायला जागा नसते. मुद्दाम जायचं नसेल तर टाळा. स्टुअर्ड्स एन्क्लोजरमध्ये, म्हणजे शर्यतीच्या सभासदांसाठी राखलेल्या भागात, बायकांचे कपडे गुडघ्याखाली असायलाच हवेत असा नियम आहे. आमच्या काकूंची नऊवारी त्यात शंभर टक्के बसली असती, पण सभासदांची ओळख कुठून आणायची.

हेन्लेचं पारडं माझ्या मनात जड होतं ते गावाबाहेरच्या एका गोष्टीमुळे. सहाएक मैलांवर, डोंगरपठारावर स्टोक रो नावाचं खेडं आहे. तिथे रस्त्याच्या कडेला अचानक एक घुमटी दिसते, खाली नक्षीदार खांब आणि मधोमध सोनेरी हत्ती. ही महाराजांची विहीर. काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी दिलेली, 1864 मध्ये खुली झालेली. एडवर्ड रीड हा इथला माणूस तिकडे अधिकारी होता. त्याने आझमगडकडे लोकांसाठी विहीर खोदवली होती, आणि आपल्या गावाकडे पाण्याचे कसे हाल आहेत हे त्याने महाराजांना सांगितलं होतं. महाराजांनी ते लक्षात ठेवलं. इथल्या चिल्टर्न टेकड्यांची जमीन खडूची, पाणी खोल. विहीर चार फूट रुंद आणि 368 फूट खोल, सगळी हाताने खणलेली. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलची उंची 365 फूट, म्हणजे ते अख्खं आत उतरवलं तरी कळस बुडेल.

आईचं माहेर माण तालुक्यातलं. ती कठड्याशी वाकून म्हणाली, “तीनशे अडुसष्ट! आमच्याकडे एवढ्यावर बोअरलासुद्धा पाणी लागत नाही.” मग बराच वेळ ती कठड्यावरचा हात काढेना. टिपूच्या वाघापुढे ती दोन मिनिटं थांबली होती, इथे अर्धा तास. विंडसरला आपल्याकडून नेलेलं, इथे आपल्याकडून दिलेलं, असं ती घरी आल्यावर फोनवर मामाला सांगत होती.

अडचण एवढीच की स्टोक रोला रेल्वे नाही. स्वतःची गाडी नसेल तर हेन्लेहून टॅक्सी ठरवावी लागते, आणि ती परतीचीही आधीच ठरवा; खेड्यात रस्त्यावर टॅक्सी मिळत नाही. जाऊन-येऊन टॅक्सीचे पैसे चौघांत वाटले तर विंडसरच्या एका तिकिटापुढे काहीच नाही.

तर पाहुणे पहिल्यांदाच आलेत, पुन्हा येतील याची खात्री नाही आणि त्यांना गावी जाऊन ‘राजाचा किल्ला पाहिला’ हे सांगायचंय, तर विंडसर, आणि सकाळी दहाच्या आत. दुसऱ्यांदा आले असतील, पाय दुखत असतील किंवा लंडनच्या गर्दीने वैतागले असतील, तर हेन्ले. लहान मुलं सोबत असतील तर विंडसरच, कारण पहारेकऱ्यांची बदली आणि वाजणारा बँड पाहिल्यावर ती तासभर तरी गप्प राहतात. बदली रोज नसते, तारीख बघून जा. पाऊस असेल तर तेही विंडसर. हेन्लेत पावसात करण्यासारखं म्हणजे चहा पिणं, आणि तो स्वस्त नाही.

दोन्ही एका दिवसात करणाऱ्यांना मी ओळखते. त्यांच्याकडे स्टेशनांचे फोटो खूप आहेत.

नणंदेचे सासू-सासरे पुढच्या महिन्यात येतायत आणि तिला रजा मिळाली आहे नेमकी बुधवारची. तिला ट्वायफर्डला उतरायला सांगितलंय. मी गाडी घेऊन स्टेशनवर येईन, डब्यात गूळपोळ्या असतील आणि आधी विहीर, मग नदी.