कोणाला बाहेर बसवायचं? बेसबॉलमधल्या लबाड्या आणि त्यांच्या शिक्षा

न्यू जर्सीतल्या एका मित्राचा मागच्या आठवड्यात फोन आला. तिथे आपल्याच लोकांची शनिवार-रविवारची टेनिस बॉल क्रिकेट लीग चालते आणि हा तिच्या तीन जणांच्या शिस्तपालन समितीवर आहे. उपांत्य सामन्यात एका संघाने भलत्याच्याच नावावर बाहेरचा फलंदाज उतरवला, त्याने सामना काढून दिला, आणि मागाहून बिंग फुटलं. कप्तानाला माहीत होतं. संघातल्या निम्म्या पोरांना माहीत होतं. समितीतला एक जण म्हणतो सगळ्यांना कायमचं हाकला, दुसरा म्हणतो कप्तानाला वर्षभर बसवा आणि विषय मिटवा. याचं मत अजून ठरत नव्हतं. "तू बेसबॉल बघतोस ना? ते लोक काय करतात?"

त्या लोकांनी सगळंच करून पाहिलंय. फोनवर तुटक बोललो, ते इथे जरा सविस्तर मांडतो.

लँडिसचा दंडुका

१९१९ची वर्ल्ड सीरिज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या विजेतेपदाची मालिका, जास्तीत जास्त नऊ सामन्यांची होती. शिकागो व्हाइट सॉक्स ती सिनसिनाटी रेड्सकडून ५-३ अशी हरले आणि पुढच्या वर्षी उघड झालं की जुगाऱ्यांशी संगनमत करून ती विकली गेली होती. आठ खेळाडूंवर आरोप ठेवले गेले. त्यांच्या कबुलीजबाबांचे कागद मध्येच गायब झाले. २ ऑगस्ट १९२१ रोजी खटला चाललेल्या सगळ्यांना ज्युरीने सोडून दिलं, आणि दुसऱ्याच दिवशी कमिशनर, म्हणजे बेसबॉलचे सर्वोच्च प्रशासक, केनेसॉ माउंटन लँडिस यांनी आठही जणांना कायमचं बाहेर काढलं. ज्युरी काहीही म्हणो, असा त्यांच्या निवेदनाचा सूर होता. सामना विकणारा, विकायचं कबूल करणारा आणि अशा बैठकीला बसून संघाला न कळवणारा, तिघांना एकच माप.

हे आपल्याला नवीन नाही. श्रीशांतला २०१५मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने आरोपमुक्त केलं, तरी क्रिकेट मंडळाने बंदी उठवली नाही. फरक एवढाच की त्याला पुढे सर्वोच्च न्यायालयात जाता आलं आणि २०१९मध्ये आजन्म बंदीची सात वर्षं झाली. १९२१च्या खेळाडूंमागे संघटना नव्हती, आणि करार असे की खेळाडू मालकाला बांधलेला. लँडिस यांच्या वर अपील ऐकणारं कोणी नव्हतं.

आठांमध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एडी सिकॉटने दहा हजार डॉलर घेतले होते. शूलेस जो जॅक्सनने पाच हजार घेतले आणि तरी मालिकेत .३७५च्या उत्तम सरासरीने बारा हिट्स मारल्या, म्हणजे बारा वेळा चेंडू टोलवून बेस गाठला. तो नक्की कोणत्या बाजूने खेळत होता यावर लोक अजून भांडतात. तिसऱ्या बेसवरच्या बक वीव्हरने एक छदामही घेतला नाही. .३२४च्या सरासरीने तो जीव तोडून खेळला. त्याचा गुन्हा एकच: ठाऊक असून तो बोलला नाही. शिक्षा मात्र सिकॉटइतकीच. पुन्हा घ्या म्हणून तो अर्ज करत राहिला आणि १९५६मध्ये वारला.

या पद्धतीच्या बाजूने जे बोलता येतं ते खरंच वजनदार आहे. वर्ल्ड सीरिज विकल्याचं प्रकरण त्यानंतर अमेरिकेत पुन्हा उभं राहिलं नाही. तैवानच्या व्यावसायिक लीगमध्ये नव्वदच्या दशकापासून सामने विकण्याची प्रकरणं एकामागून एक निघत गेली, काही संघ बुडाले, आणि २००८च्या शेवटी तिथे चारच संघ उरले होते. कीड लागली की खेळच जातो, हे लँडिस यांना कळलं होतं. वीव्हरच्या शिक्षेचा भाग मात्र मला पटत नाही. गप्प बसणं हा दोष आहे, पण पैसे घेणाऱ्याइतकीच शिक्षा गप्प बसणाऱ्याला मिळणार असेल, तर उद्या तिसरा माणूस विचार करेल की मग पैसे तरी का सोडा.

मॅनफ्रेड यांची माफी

आता याच्या शेजारी ह्यूस्टन ॲस्ट्रॉस ठेवून बघा. तुझ्या केसशी सगळ्यात जास्त जुळणारं हेच आहे, असं मी मित्राला म्हटलं.

तेव्हा बेसबॉलमध्ये फलंदाजामागे बसणारा कॅचर बोटांनी खुणा करून पिचरला कुठला चेंडू टाकायचा ते सांगायचा. या खुणा नुसत्या डोळ्यांनी ओळखल्या तर तो हुशारीचा भाग, पण त्यासाठी यंत्रं वापरायला बंदी. २०१७मध्ये ॲस्ट्रॉसनी मध्य मैदानातल्या कॅमेऱ्याचं चित्र डगआउटमागच्या बोळातल्या पडद्यावर आणलं. तिथे उभा असलेला खेळाडू खूण ओळखायचा आणि प्लास्टिकच्या कचऱ्याच्या पिंपावर बॅट आपटायचा. आवाज आला तर चेंडू वळणारा किंवा संथ, आवाज नाही तर फास्टबॉल. इतक्या श्रीमंत खेळातली इतकी गावठी युक्ती! त्या वर्षी त्यांनी वर्ल्ड सीरिज जिंकली. पुढे एका चाहत्याने जुनी चित्रफीत तासन्‌तास ऐकून त्या हंगामातले हजाराहून जास्त ठोके मोजले.

२०१९च्या नोव्हेंबरमध्ये संघाचा माजी पिचर माइक फायर्स स्वतःच्या नावानिशी बोलला आणि १३ जानेवारी २०२०ला कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांचा निकाल आला. जनरल मॅनेजर (संघबांधणी बघणारे) जेफ लुनो आणि मॅनेजर (मैदानावर संघ चालवणारे प्रशिक्षक) ए. जे. हिंच यांना एक वर्ष बंदी; मालकाने दोघांना त्याच दिवशी काढून टाकलं. संघाला ५० लाख डॉलर दंड, नियमांत बसणारा सर्वांत मोठा. शिवाय दोन वर्षांच्या ड्राफ्टमधल्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या, पहिल्या दोन-दोन फेऱ्या गेल्या. खेळाडूंना शून्य. खरं सांगा, शिक्षा होणार नाही, या अटीवर त्यांनी जबान्या दिल्या होत्या.

माफी द्यावी लागण्याची कारणं पोकळ नव्हती. २०१७च्या सप्टेंबरमध्ये मॅनफ्रेड यांनी संघांना बजावलं होतं की यापुढे मॅनेजर आणि जनरल मॅनेजर जबाबदार धरले जातील. लुनो यांनी ते खेळाडूंपर्यंत पोहोचवलंच नाही. आता खेळाडूंना शिक्षा केली असती तर त्यांच्या संघटनेने हाच कागद पुढे केला असता, आणि जबान्या नसत्या तर प्रकरणच उभं राहिलं नसतं. हिशेब बरोबर. न्याय मात्र विचित्र झाला. ज्यांनी पिंपाचा आवाज ऐकून चेंडू टोलवले त्यांच्या विजेतेपदाच्या अंगठ्या त्यांच्याकडेच राहिल्या. अहवालात नाव आलेला एकच खेळाडू, कार्लोस बेल्ट्रान. त्याचं न्यूयॉर्क मेट्सचं मॅनेजरपद एकही सामना न होता गेलं. बंदी संपताच हिंच डेट्रॉइटचे मॅनेजर झाले. २०१७मध्ये ॲस्ट्रॉसच्या मॅनेजरचे मदतनीस असलेले ॲलेक्स कोरा बॉस्टनला मॅनेजर म्हणून परतले. जो संघ २०११मध्ये साठ कोटी डॉलरहून जास्त किमतीला विकला गेला होता त्याला ५० लाख म्हणजे चहापाणी. ट्रॉफी काढून घेण्याच्या मागणीवर मॅनफ्रेड तिला धातूचा तुकडा म्हणून बसले आणि मग माफी मागत फिरले. खेळाडूंना दिलेली मोकळीक कदाचित चुकलीच, असं त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलंय.

आणि दुसऱ्या बाजूला माइक बोल्सिंगर. टोरंटोचा हा पिचर ४ ऑगस्ट २०१७ला ह्यूस्टनमध्ये टाकायला आला, एकाच फलंदाजाला बाद करून चार धावा देऊन गेला आणि मेजर लीगमध्ये पुन्हा दिसला नाही. त्याने दावा लावला, तो टिकला नाही. त्याचं काय, याचं उत्तर मॅनफ्रेड यांच्या निकालात कुठेच नाही. स्वतःहून बोललेल्या फायर्सला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, त्या वेगळ्याच.

वीव्हर गप्प राहिला म्हणून जन्माचा गेला. ॲस्ट्रॉस पकडले गेल्यावर बोलले म्हणून सुटले. शंभर वर्षांत काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, आणि मधे नुसतं नैतिक मतपरिवर्तन नाही, खेळाडू संघटना उभी राहिली आहे, हे विसरू नये.

छापील दरपत्रक

तिसरी पद्धत उत्तेजकांची. ही संघटनेशी वाटाघाटी करून ठरलेली आहे. पहिल्यांदा सापडलात तर ८० सामने, दुसऱ्यांदा १६२ म्हणजे पूर्ण हंगाम, तिसऱ्यांदा कायमची बंदी. पगार नाही, आणि त्या वर्षीच्या प्लेऑफमध्येही खेळता येत नाही. २०२२मध्ये फर्नांडो टाटिस ज्युनियर गजकर्णाच्या औषधातून पदार्थ अंगात गेला म्हणाला. ८० म्हणजे ८०. रॉबिन्सन कानो दुसऱ्यांदा सापडला आणि २०२१चे सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर गमावून बसला.

दर आधी इतके कडक नव्हते. २००५च्या शेवटी ठरलेली पहिली शिक्षा ५० सामन्यांची होती, आणि २०१३मध्ये ती भोगून आलेल्या जॉनी पेराल्टाला लगेच चार वर्षांचा ५ कोटी ३० लाख डॉलरचा करार मिळाला. शिक्षेपेक्षा कमाई मोठी आहे हे पोराटोरांनाही दिसत होतं. पुढच्याच वर्षी दर वाढले, आणि त्यासाठी स्वच्छ खेळणारे खेळाडूच आग्रही होते.

या पद्धतीतला दोष म्हणजे वरातीमागून घोडं. २००३पर्यंत चाचणीच नव्हती, त्यामुळे उत्तेजकांचा संशय असलेल्या बॅरी बाँड्सचे २००१च्या हंगामातले ७३ होमरन पुस्तकात तसेच आहेत. मग हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीच्या, मतदारांनी आपल्या परीने शिक्षा केली: दहा वर्षांच्या मतदानानंतर २०२२मध्ये त्याला ६६ टक्के मिळाले, लागतात ७५. आणि तो सगळा काळ ज्यांच्या डोळ्यांसमोर गेला ते कमिशनर बड सीलिग? ते २०१७मध्येच सन्मानाने आत गेले. यावर मी काही बोलत नाही.

जुगाराला दया नाही, पण पायऱ्या आहेत

बेसबॉलचा जुगाराविषयीचा नियम २१ प्रत्येक संघाच्या कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर लावलेला असतो. आपला संबंध नसलेल्या बेसबॉल सामन्यावर पैज लावली तर एक वर्ष, आपल्याच सामन्यावर लावली तर कायमचं. ४,२५६ हिट्सचा विक्रम असलेल्या पीट रोजने १९८९मध्ये याच नियमाखाली बाहेर जाणं मान्य केलं. मॅनेजर असताना तो आपल्याच संघावर पैजा लावत होता. जिंकण्यावरच लावत होता ना, असं त्याचे चाहते म्हणतात. पण ज्या दिवशी मॅनेजर पैज लावत नाही, त्या दिवशी जुगाऱ्याला काय कळतं याचा विचार करा.

२०२४मध्ये हेच दोन दर एकाच दिवशी लागू झाले. टुकुपिता मार्कानोने जखमी यादीत असताना आपल्या संघाच्या सामन्यांवर पैजा लावल्या, तो कायमचा गेला. मायकेल केलीच्या दहा पैजांची एकूण रक्कम शंभर डॉलरसुद्धा नव्हती, त्याला तरी एक वर्ष. रक्कम बघितली नाही, नातं बघितलं. मला सगळ्या पद्धतींत ही सर्वांत सरळ वाटते. खटकतं ते 'कायमचं' या शब्दाशी चाललेलं खेळणं. २०२५च्या मे महिन्यात मॅनफ्रेड यांनी ठरवलं की बंदी मृत्यूबरोबर संपते, आणि सतरा मृतांची नावं यादीतून उतरली. रोज सात-आठच महिन्यांपूर्वी गेला होता. वीव्हरला जाऊन ६९ वर्षं झाली होती.

चिकट पदार्थ लावून चेंडू टाकणाऱ्यांना दहा सामने, तेही पगारी. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. थुंकी-व्हॅसलीनसाठी बदनाम असलेला गेलॉर्ड पेरी तर हॉल ऑफ फेममध्ये आहे आणि लोक त्याचे किस्से कौतुकाने सांगतात.

एक लहानसं प्रकरण मात्र समितीवाल्यांनी मुद्दाम बघावं. सेंट लुइस कार्डिनल्सच्या एका अधिकाऱ्याने दुसऱ्या संघाच्या संगणकातली माहिती चोरली. तो ४६ महिन्यांसाठी तुरुंगात गेला, खेळातूनही कायमचा गेला, आणि कार्डिनल्सना २० लाख डॉलर व ड्राफ्टमधल्या आपल्या पहिल्या दोन निवडी द्याव्या लागल्या. लीगला नाही, ज्याचं चोरलं त्या संघाला. तो संघ होता ह्यूस्टन ॲस्ट्रॉस. देव कधी कधी थट्टाच करतो.

तर मित्राला काय सांगितलं

पहिलं विचारलं, तुमच्या नियमावलीत काय लिहिलंय? एकच ओळ निघाली: गैरवर्तन केल्यास समिती योग्य ती कारवाई करेल. म्हणजे भिंतीवर काहीच नाही. अशा ओळीच्या जोरावर पंधरा जणांना जन्मभर हाकलणं म्हणजे लँडिस होणं, आणि तुम्ही लँडिस नाही, सोमवारी त्याच लोकांबरोबर ऑफिसला जाणार आहात.

माझं मत असं. कप्तान दोन हंगाम बाहेर, कारण यादीवर सही त्याची. खोट्या नावावर खेळलेला आणि ज्याने नाव दिलं तो, एकेक हंगाम. ज्यांना माहीत होतं त्यांना दोन-तीन सामने. वीव्हरइतकं नको, ॲस्ट्रॉससारखं शून्यही नको. स्वतःहून येऊन सांगितलं त्याला काही नाही, आणि त्याचं नाव गटावर टाकायचं नाही. दरपत्रक पुढच्या हंगामाआधी लिहून सगळ्या कप्तानांच्या सह्या घ्या.

"आणि तो सामना?" त्याने विचारलं.

ॲस्ट्रॉसच्या बाबतीत बेसबॉलने हे केलं नाही, पण तुम्हाला सहज जमेल, मी म्हटलं. निकाल फिरवा. हरलेला संघ अंतिम सामन्यात.

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अंतिम सामना परवाच्या रविवारी आहे. त्यांना कळवतो, किट गाडीतच राहू द्या."