बीएलडीसी पंखा डोळे झाकून घ्या, सोलरचं मात्र घर बघून ठरवा

वीज वाचवायला आधी पैसे कशात घालायचे असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलंय, बीएलडीसी पंखा, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरवर चालणारा, कमी वीज खाणारा पंखा. जुना पंखा फुल स्पीडला ७५ वॅटच्या आसपास खातो, हा २८ ते ३५, म्हणजे दिवसाला १२ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला साधारण १५ युनिट वाचतात, शिवाय लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर जास्त वेळ फिरतो ते वेगळंच. आईला तर रिमोट फारच आवडलाय, पहाटे गार वाटलं की पडल्या पडल्या स्पीड कमी! फक्त एक, बिघडला तर गल्लीतला इलेक्ट्रिशियन कॅपॅसिटर बदलून चालू करून देईल असं इथे नाही, आत सर्किट असतं, त्यामुळे वॉरंटी किती आणि तुमच्या गावात सर्व्हिस आहे का ते विचारूनच घ्या.

सोलर वॉटर हीटर पण मस्तच, पण बोअरचं पाणी जड असेल तर तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार बसून त्या चोक होतात, तिथे काचेच्या ट्यूबवाला बरा, आणि तोही अधूनमधून साफ करावा लागतो. पावसाळ्यात गीझर लागतोच, त्यामुळे जुना काढून टाकू नका.

छतावरच्या सोलर पॅनेलला पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे, एसी वगैरे असेल, बिल दणदणीत येत असेल तर जरूर करा. बिलच चार-पाचशे येत असेल तर आधी पंखे बदला.