पाण्याचं वजन, सुताचा भाव

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी 26 वर्षं हिशेब लिहितोय. सुताची खरेदी माझ्या टेबलावरून होते. पावसाळ्यात गाडी आली की गोणीतला सूत गुंडाळलेला एक कोन काढून हाताने दाबून बघायचा, हे माझं पहिलं काम. सुती धागा हवेतलं पाणी ओढतो आणि ओलं सूत काट्यावर जास्त भरतं. साडेआठ टक्के ओलावा व्यापारात धरलेलाच असतो, त्याच्या वर गेला की मी पैशांत कटती लावतो. ‘सुताच्या भावाने पाणी विकू नका’ हे मी सूत विकणाऱ्या पार्ट्यांना इतक्यांदा ऐकवलंय की हमालसुद्धा माझी नक्कल करतात. आणि हाच मी, माझ्याच अंगातलं पाणी काढून घ्यायला 23,700 रुपये मोजून आलो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गड्डा, म्हणजे आमची जानेवारीतली जत्रा, नुकताच संपला होता. हुरडा, शेंगाची चटणी, दही असं महिनाभर झाल्यावर पँट बसेना. आमच्याच अपार्टमेंटमधले एक काका एकाएकी बारीक दिसायला लागले होते. त्यांनी मला जुळे सोलापुरातल्या एका हॉलवर नेलं. खाली मोबाईलचं दुकान, वर पत्र्याचं शेड, प्लास्टिकच्या खुर्च्या, मोठ्याने गाणी. चाळीसेक माणसं. तिथे कुणी गिऱ्हाईक नसतं, सगळे ‘फॅमिली’. शिकवणाऱ्याला ‘कोच सर’ म्हणायचं. पोरगा जेमतेम तिशीतला, टी-शर्ट घट्ट, बोलणं लोण्यासारखं.

पहिली मापं संध्याकाळी सात वाजता घेतली. त्याआधी दारातच ‘डिटॉक्स’ म्हणून लिंबाचं पाणी दिलं, दोन मोठे पेले, ‘संपवाच सर’ म्हणून आग्रहाने. दुपारचं जेवण पोटात, वर हे पाणी. मी बूट काढायला वाकलो तर म्हणाला, ‘‘असू द्या सर, मागे लाईन आहे.’’ काटा म्हणाला 94.6. मग पायाखाली पत्रे आणि हातात दांडा असलेल्या मशीनवर उभं केलं. पडद्यावर आलं, शरीराचं वय 61. मी तेव्हा 52 चा. कोचने आवाज खाली आणून विचारलं, ‘‘घरी कोण कोण असतं सर?’’ ते मशीन अंगातून बारीकसा करंट सोडून पाण्याच्या अंदाजावरून चरबीचा आकडा काढतं, पाणी कमी-जास्त झालं की आकडाही हलतो, हे मला फार नंतर कळलं. त्या संध्याकाळी मात्र बायकोचा आणि पोरीच्या लग्नाचा विचार डोक्यात घेऊनच मी खिशात हात घातला.

प्रवेश फी 2,500. पावडरीचे नऊ डबे, 1,800 चा एक, म्हणजे 16,200. आणि 5,000 ‘शिस्त अनामत’. नव्वद दिवसांत दहा किलो उतरलं तर परत, नाही उतरलं तर गेली. डब्यांचे पैसे मी यूपीआयने दिले, खातं एका बाईच्या वैयक्तिक नावावर. फी आणि अनामत रोख, ‘ऑफिसला जमा करायचंय’ म्हणून. हातात आली ती कच्ची पावती: ‘पौष्टिक पावडर, 9 नग’. कार्यक्रमाचा उल्लेख नाही, अनामतीचा नाही, जीएसटी नंबर नाही. दुसऱ्याने असला कागद माझ्या टेबलावर ठेवला असता तर मी त्याच्या तोंडावर भिरकावला असता.

पहिल्या आठवड्यात 4.1 किलो उतरले. भाकरी बंद, भात बंद, सकाळ-संध्याकाळ पावडर, दुपारी काकडी आणि मूठभर मोड. पुढे बोलावून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, गळ्यात हार घातला. मी घरी येऊन हार देवाला घातला, बायको म्हणाली, ‘‘अहो, काढा तो, देवाला वापरलेला हार घालतात का!’’

खोटं कशाला बोलू, मला तिथे बरं वाटायचं. एक बाई पुतणीच्या लग्नात नऊवारी नेसता आली म्हणून रडल्या, आम्हीही डोळे पुसले. गट करून वजन उतरवायची कल्पना मुळात लबाडीची नाहीच. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जीन निडेच नावाच्या गृहिणीने 1961 मध्ये मैत्रिणींना आपल्या घरी बोलावून हेच सुरू केलं होतं. एकमेकींपाशी खरं बोलायचं, इतकंच. त्यातून 1963 मध्ये मोठी कंपनी उभी राहिली. चारचौघांत काट्यावर उभं राहायचं म्हटलं की रात्रीची भजी हातातून सुटते, हे मी अनुभवलंय. आमच्या हॉलवर हीच चांगली गोष्ट गळाला लावलेलं आमिष होती.

आता तो चार किलोंचा हिशेब मांडतो, जो मी त्याच आठवड्यात मांडायला हवा होता. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. चार किलो म्हणजे 30,800. सात दिवसांत उडवायच्या तर दिवसाला 4,400. टेबलावर बसून काम करणारा माझ्यासारखा माणूस दिवसभरात खर्चच 2,400 च्या आसपास करतो. अगदी उपाशी राहिलो असतो तरी हिशेब जुळत नाही. मग गेलं काय? पाणी. आपलं शरीर साखरेचा साठा यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, मोठ्या माणसात 400 ते 500 ग्रॅम, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत जवळजवळ तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भाकरी-भात तोडला की दोन-चार दिवसांत तो साठा संपतो आणि पाणी निघून जातं. दोन किलो तर असेच गेले. त्यात पहिल्या दिवशीचं लिंबूपाणी, बूट, दुपारचं जेवण. पहिली भाकरी खाल्ली की निम्मं परत येणार, हे ठरलेलंच. मी बसतो त्या खोलीच्या पलीकडेच गोण्या तोलायचा काटा आहे, दरवर्षी काटे तपासणारे वैधमापनवाले येऊन त्यावर शिक्का मारून जातात. नव्वद दिवसांत एकदाही मी त्यावर पाय ठेवला नाही.

आणि या अवस्थेत, गळ्यात हार असताना, मी दोन माणसं आणली. तिघं आणली की पुढच्या वर्षभराचा ‘मेंटेनन्स’, म्हणजे उतरलेलं वजन टिकवायचा कार्यक्रम, फुकट, नाहीतर महिना 1,000. आमच्या शेजारच्या काकांनाही मी म्हणजे एक नग होतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही. एक आणली मेहुणी. दुसरे आमच्या फोल्डिंग खात्यातले अण्णा.

अण्णांना साखरेचा आजार, गोळ्या चालू. मी कोचसमोरच ते सांगितलं होतं. तो हसून म्हणाला, ‘‘अण्णा, तीन महिन्यांत गोळ्याच सुटतील बघा तुमच्या.’’ डॉक्टरांना विचारा, असं एका शब्दाने बोलला नाही. अण्णांनी जेवण पावडरीवर आणलं आणि सकाळची गोळी रोजच्यासारखी घेत राहिले. अकराव्या दिवशी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, टॉवेलच्या घड्या घालता घालता त्यांचे हात थरथरायला लागले. अंग घामाने भिजलं. एप्रिलचा महिना, बाहेर 42 डिग्री, त्यामुळे सगळ्यांना ऊन लागलं असंच वाटलं. ‘‘पंखा लावा रे’’ एवढं म्हणून ते टॉवेलच्या ढिगावरच आडवे झाले. कँटीनच्या पोराने, देव त्याचं भलं करो, चहाच्या डब्यातली साखर पाण्यात कालवून पाजली. दवाखान्यात मोजली तेव्हा साखर 48. डॉक्टरांनी मलाच झापलं: गोळी साखर उतरवते, पोटात काही गेलंच नाही तर ती थांबणार कुठे? अण्णा मला काही बोलले नाहीत. त्यांच्या बायकोने बोललेलं मी इथे लिहीत नाही. हॉलवर सांगितलं तर उत्तर आलं, ‘‘विषारी द्रव्यं बाहेर पडताना असं होतं सर, चांगलं लक्षण आहे.’’ तेव्हाही मी सोडलं नाही. अनामत अडकली होती ना!

शेवटची मापं सकाळी सहाला. फोन आला होता: रात्री सातनंतर काही खाऊ नका, उठल्यावर पाणीसुद्धा नको, पोट साफ करून या, हलका टी-शर्ट घाला. बूट या वेळी आठवणीने काढायला लावले. 85.2. म्हणजे 9.4 किलो उतरले, दहाला 600 ग्रॅम कमी. आधीचा-नंतरचा फोटो काढला, टाळ्या झाल्या, आणि अनामत गेली. ‘‘मेंटेनन्समध्ये वळती करून घेऊ सर.’’ त्याच दुपारी मी पहिल्यांदा कारखान्याच्या काट्यावर चढलो. 86.9.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. दिवाळीला 96 भरलो, सुरुवातीपेक्षा जास्त. विचारायला गेलो तर कोच म्हणाला, तुम्ही शिस्त मोडलीत, कडक भाकरी खाल्लीत. सोलापुरात राहून कडक भाकरी खाल्ली हा गुन्हा! अंग बारीक झालं की त्याला लागणारी कॅलरीही कमी होते, भूक मात्र वाढते, त्यासाठी माणसाला जन्मभर पेलेल असं जेवण शिकवावं लागतं, हे त्याने कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डबे कोणी घेतले असते? पुढच्या महिन्यात हॉलला कुलूप.

आम्ही सात जणांनी मिळून 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, हे तेव्हा कळलं. पण पुरावा काय, तर ‘पावडर, 9 नग’. पावडर तर मिळाली होती. नोटीस गेल्यावर कोचने प्रत्येकाला 2,000 पाठवले आणि नंबर ब्लॉक केला. मेहुणीने तेही घेतले नाहीत, म्हणाली, ‘‘भाऊजी, तुम्हीच ठेवा.’’ हे जास्त लागलं.

तेव्हा तुम्ही अशा हॉलच्या पायऱ्या चढत असाल तर आधी घरच्या काट्यावर सकाळी उपाशीपोटी स्वतःचं वजन करून ठेवा आणि शेवटी त्याच काट्यावर, त्याच वेळी करा. पैसे फर्मच्या खात्यावर, पक्की पावती, आणि पावतीवर ‘अनामत, या अटीवर परत’ असं लिहून घ्या. लिहून देणार नाहीत, तिथेच तुम्हाला उत्तर मिळेल. डब्यावरचा 14 आकडी एफएसएसएआय नंबर म्हणजे अन्नाचा धंदा करायचा परवाना, वजन उतरण्याची हमी नव्हे. लठ्ठपणा बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करायला 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे, म्हणूनच हे लोक ‘औषध’ हा शब्द कधी उच्चारत नाहीत, ‘न्यूट्रिशन’ म्हणतात. माणसं आणण्यावर सवलत किंवा कमाई सांगितली की उठा. माणसं जोडण्यावर चालणाऱ्या पिरॅमिड योजनांना 2021 च्या थेट विक्री नियमांत मनाई आहे. आणि साखरेच्या आजाराची गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय जेवणाचा एक घासही कमी करू नका.

सरकारी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला केस पेपरच्या पैशात दीड भाकरी परत दिली. सोबत डाळ, भाजी, आणि रोज तासभर चालणं. अमेरिकेत 1994 पासून एक नोंदवही ठेवली जाते, साडेतेरा किलोंच्या वर उतरवून किमान वर्षभर टिकवलेल्यांची. त्यातले बहुतेक रोज तासाभराचा व्यायाम करतात आणि नियमित वजन करतात, असं त्यांनीच सांगितलं. कंबर तलावाला सकाळी फेऱ्या मारतो. महिन्याला अर्धा किलो उतरला तरी खूप. कुणी हार घालत नाही.

या जानेवारीत गड्ड्याला जाताना, पार्क चौकातून होम मैदानाकडे वळलो तर विजेच्या खांबावर फ्लेक्स. ‘90 दिवसांत फॅट टू फिट’. डावीकडे पोट सुटलेला मी, उजवीकडे बारीक मी, खाली नाव कुणा दुसऱ्याचंच. बायको हसावं की रडावं अशी उभी राहिली. मी फ्लेक्सवरच्या नंबरला फोन लावला. गोड आवाजाची मुलगी होती.

‘‘ते फोटोतले सर खरे आहेत का हो?’’

‘‘हो सर, आमच्याच फॅमिलीतले. अजून मेंटेन आहेत.’’

‘‘आता किती वजन आहे त्यांचं?’’

‘‘85, सर.’’

त्या दिवशी सकाळी मी 91.5 भरलो होतो.