टेस्टिंगच्या आधी अॅडॉप्टरची चौकशी करणारी लॅब, आमचा भोसरीचा अनुभव

आमचं पाच जणांचं छोटं युनिट आहे, वायफाय गेटवे बनवतो. पहिली एक्सपोर्ट ऑर्डर जर्मनीची आली म्हणून सीईच्या (युरोपात माल विकायला लागणाऱ्या खुणेच्या) टेस्टिंगसाठी भोसरीतल्या एका लॅबला गेलो. नाव टाकत नाही, पण अनुभव लिहितोय कारण या अॅडॉप्टरच्या भानगडीत बऱ्याच जणांचे पैसे बुडतात.

आधीच्या एका कन्सल्टंटने आम्हाला लेखी दिलं होतं की गेटवे १२ व्होल्ट डीसीवर चालतो, लो व्होल्टेज डायरेक्टिव्ह (युरोपचा विजेच्या सुरक्षिततेचा कायदा) डीसीला ७५ व्होल्टपासून सुरू होतं, म्हणजे सेफ्टी लागतच नाही. आम्हाला ते पटलंही होतं. लॅबमधल्या मॅडमनी तो कागद वाचला आणि पहिलाच प्रश्न केला, "अॅडॉप्टर तुम्ही बॉक्समध्ये देणार का गिऱ्हाईक स्वतःचा लावणार?" मग नीट बसवून समजावलं, की रेडिओ असलेल्या वस्तूला २०१४/५३ चं रेडिओ इक्विपमेंट डायरेक्टिव्ह लागतं आणि त्यात सेफ्टीसाठी व्होल्टेजची खालची मर्यादाच नाही, सेलवर चालणारी वस्तू असली तरी सेफ्टी बघावीच लागते. अॅडॉप्टर बॉक्समध्ये असेल तर तो सेटचाच भाग धरून सगळं सोबत तपासायचं. तोच अॅडॉप्टर सुटा विकला तर त्यात रेडिओ नाही, म्हणून त्याला लो व्होल्टेज आणि ईएमसी (इतर उपकरणांना विद्युत अडथळा न होण्याबद्दलचं) अशी वेगळी दोन डायरेक्टिव्ह. आणि दोन्हीकडे २०१९/१७८२ चा इकोडिझाइनचा, म्हणजे वीज वाया न घालवण्याचा नियम आहेच, १ एप्रिल २०२० पासून. आमच्यासारख्या ४९ वॉटपर्यंतच्या एसी-डीसी अॅडॉप्टरने नुसतं प्लगमध्ये राहून ०.१० वॉटपेक्षा जास्त खायचं नाही, आमचा मीटरवर ०.०७ आला तेव्हा जीव भांड्यात पडला.

आमचं दुसरं मॉडेल पीओई इंजेक्टरवर, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज देणाऱ्या डब्यावर चालतं. दिसायला तोही तसाच काळा डबा, म्हणून आम्ही दोन्हींचा एकच फॉर्म भरला होता. त्यांनी तो बाजूला काढला कारण आमच्यासारखा अॅक्टिव्ह (समोरचं उपकरण ओळखूनच वीज सोडणारा) पीओई इंजेक्टर त्या इकोडिझाइनच्या नियमातून वगळलेला आहे, सेफ्टी आणि ईएमसी मात्र सुटत नाही. ही एक टेस्ट उगाच केली असती, फी वाचली.

आता मुख्य गोष्ट. अॅडॉप्टर सोबत दिला की केबलवाटे मेन्समध्ये जाणारा नॉइज अॅडॉप्टरच्या एसी बाजूला मोजतात, १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ. आमचा ग्राफ सुरुवातीलाच लिमिटच्या वर गेला. मी म्हटलं अहो याच्यावर बीआयएसचा नंबर आहे, तर लॅबवाले म्हणाले ते रजिस्ट्रेशन सेफ्टीचं, त्यात ईएमसी येत नाही. मग त्यांच्या टेक्निशियनने माझ्यासमोर अॅडॉप्टरचा जोड ब्लेडने फोडला आणि मोबाईलचा टॉर्च धरला. बोर्डवर फिल्टरच्या चोकची (नॉइज अडवणाऱ्या कॉइलची) जागा छापलेली होती, भोकंही होती, आणि तिथे चोकऐवजी तारेचे दोन तुकडे सोल्डर करून टाकलेले. सप्लायरने अप्रूव्हलला दिलेल्या सॅम्पलमध्ये चोक होता, आम्ही स्वतः बघितला होता! फार संताप आला, कारण हाच लॉट जर्मनीला गेला असता तर माल नियमात बसतो या डिक्लेरेशनवर सही आमची होती.

सेफ्टीत पण एक गोष्ट कळली. १२ व्होल्ट म्हणजे शॉकच्या दृष्टीने ईएस१, सगळ्यात सौम्य वर्ग, पण आमचा अॅडॉप्टर १२ व्होल्ट दीड अँपिअर म्हणजे १८ वॉट, आणि पॉवरच्या सगळ्यात खालच्या वर्गाची, पीएस१ ची हद्द १५ वॉटला संपते, त्यामुळे आगीच्या दृष्टीने तो पीएस२ मध्ये गेला आणि आमच्या प्लास्टिक कव्हरचा फ्लेम रेटिंगचा कागद मागितला गेला. तो मिळवण्यात आठवडा गेला.

तक्रारी पण आहेत. टेस्टिंगच्या चेंबरची (बाहेरचे सिग्नल न येणाऱ्या खोलीची) तारीख तीन आठवड्यांनी मिळाली, रिपोर्टमध्ये अॅडॉप्टरचा मॉडेल नंबर चुकीचा छापला आणि दुरुस्त व्हायला नऊ दिवस लागले, हे व्हायला नको होतं कारण अख्खा रिपोर्ट त्या नंबरवरच उभा असतो. रीटेस्टचे पैसे वेगळे घेतात, ते कोटेशनमध्ये ठळक लिहायला हवं.

तरी पुढचं मॉडेल पण तिथेच नेणार. नवीन सप्लायरचा चोकवाला अॅडॉप्टर घेऊन परवा गेलो होतो, ग्राफ लिमिटच्या आठ डीबी (डेसिबल) खाली. कुणी जाणार असाल तर अॅडॉप्टरचे दोन नग न्या आणि ते चालू लॉटमधलेच काढा, एक ते उघडून बघतात.