यामाहा डीडी-७५ : झाडीपट्टीच्या थंडीत वाजवून पाहिलेला छोटा पॅड

सरळच सांगतो. हा पॅड म्हणजे थाप मारली का वेगवेगळे आवाज काढणारं विजेवरचं यंत्र. तबला विकून हा घ्यायचा विचार असेल तं घेऊ नका. तबल्याच्या बाजूला ठेवायला म्हणून घेत असाल तं घ्या, पस्तावणार नाही. आता असं काहून म्हणतो ते सांगतो, थोडं लांबेल.

मी तबला-ढोलकीवाला. दिवाळी झाली, मंडया (गावोगावच्या जत्रा) लागल्या का आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकांचा सीझन सुरू, मंग होळीपर्यंत झोपेचं काही खरं नाही. वडशाच्या नाटक कंपन्यांजवळ रोलंडचा मोठा पॅड अन् तो वाजवणारा माणूस दोन्ही असतात, पण गावातलं मंडळ पटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्री हौसेनं नाटक बसवते त्यांच्याकडं एवढा पैसा कुठून येणार, तिथं ऑर्गन, तबला, ढोलकी अन् कोणाची तरी जुनी झांज एवढ्यावरच भागते. यंदा मंडळातल्या एका पोट्ट्यानं हा यामाहाचा पॅड घेतला अन् मला म्हणे काका तुम्ही वाजवून पाहा, मले तं फक्त डीजेसारखं वाजवता येते. म्हणून हा माझ्याजवळ आला.

आपल्याकडं विजेवर चालणारं कोणतंही थापीचं यंत्र दिसलं का त्याला ऑक्टोपॅडच म्हणतात. खरा ऑक्टोपॅड रोलंड कंपनीचा, १९८५ मधे पहिला आला, आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात सगळ्यात जास्त चालला तो एसपीडी-२०. त्यालाही आठ पॅड अन् यालाही आठ, पण जात वेगळी. एसपीडी-२० मधे स्पीकर नाही, साऊंडवाल्याच्या मिक्सरला जोडल्याशिवाय तो मुका. या डीडी-७५ मधे दोन छोटे स्पीकर आतच आहेत, पायाचे दोन पेडल येतात, वजन चार किलोच्या आसपास, काखेत मारून सायकलवर नेता येते. भाव रोज बदलत राहते, घेताना पाहून घ्या, पण रोलंडच्या मानानं हा बराच खाली.

५७० आवाज अन् ७५ किट (आवाजांचे तयार संच) आहेत. पोट्टे याच्यावरच खूश होतात. मी सगळं फिरवून पाहिलं अन् कामाचे आवाज दोन्ही हाताच्या बोटावर मोजण्याएवढेच निघाले, बाकीचे कोणत्या देशात कोणत्या लग्नात वाजत असतील त्यांचं त्यांना ठाऊक. नाटकात पाहिजे काय, खलनायक आला का एक धडाम, तलवारीला एक झणझण, विनोदी माणूस पडला का एक फुस्स, अन् डान्सरच्या गाण्याला दणका. एवढ्यासाठी हा एक नंबर. पहिले धडामसाठी आम्ही पत्र्याच्या डब्यावर लाकूड मारायचो, पब्लिक हासायचं.

पण माझ्या हिशोबानं याची खरी कमाई आवाजात नाहीच, थंडीत आहे. आपलं नाटक कुठं होते? धान कापून झालेल्या बांधीत, वरती कापड, खाली ओली माती, बाजूला बोडी (छोटं तळं). रात्री दहा-अकराला पडदा उघडते अन् पहाटेपर्यंत चालते. बारा वाजेपर्यंत तबला ठीक बोलते, मंग दहिवर (दव) पडायला लागलं का पुडीचं चामडं ओल धरते, सैल पडते अन् सूर खाली घसरते. ऑर्गनवाला काळी दोनच्या सुरावर बसलेला, तो तं काही खाली येत नाही, मंग आपण दर प्रवेशाला हातोडी घेऊन गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकत बसायचं, ठोकून ठोकून वाद्या ताणल्या का दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात तीच पुडी इतकी चढते का शाईला तडा जायची भीती. डफडंवाले तरी शेकोटीजवळ जाऊन शेकून येतात, तबला घेऊन कुठं जाणार बाप्पा. हा पॅड रात्री दहाला जसा बोलला तसाच पहाटे चारला बोलला, रबरावर दहिवराचं पाणी दिसत होतं, मी दुपट्ट्यानं पुसलं अन् पुन्हा वाजवला. ढोलकी खूपच उतरली तेव्हा तिसऱ्या अंकातली लावणी मी याच्यावरच काढली.

आता त्याच लावणीत कमी काय पडलं तेही ऐका. उजव्या हाताचे बोल निघतात. हातानं वाजवायचं असेल तं हँड पर्कशनचं सेटिंग चालू करा, त्यानं पॅड हाताच्या थापेला जास्त लवकर ऐकते, नाही तं ड्रमच्या काडीच्या हिशोबानं ठेवलेला असते अन् बोटं दुखतात. जोरानं मारलं तं मोठा, हळू मारलं तं बारीक, एवढं त्याला कळते. डाव्या हाताचं काय? डग्ग्यावर थाप मारून मनगट पुढं दाबत नेलं का तो घुमारा वर चढते, गाणाऱ्या बाईनं सम घेताना कमर लचकवली का तो नेमका तिथंच पाहिजे, अन् रबरावर मनगट कितीही घासा, ते मुकंच राहते. आवाज एकदा सुटला का सुटला, मंग त्याला हातानं वळवता येत नाही. हे याच कंपनीचं नाही, असे जे पॅड मी आजवर वाजवले त्या सगळ्यांचं असंच. म्हणून नाट्यपद असलं का पॅड बंद अन् तबला पुढं, त्यात मी ऐकणार नाही.

भजनातही नाहीच. आमच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला त्या पोट्ट्यानं एकदा नेला होता, म्हाताऱ्यांनी ऐकून घेतलं, काही बोलले नाही, पण दुसऱ्या भजनाला खंजेरी आपोआप वर आली. तुकडोजी महाराजांच्या भजनात खंजेरीवाला गाणाऱ्याच्या श्वासासोबत लय सोडते-धरते अन् तिच्या चकत्यांची किणकिण त्या लयीतच विरघळते. पॅडाची किणकिण वेगळीच उठून दिसते.

करंटचं पाहून घ्या, हे महत्त्वाचं. अडॅप्टरवरही चालते अन् सेलवरही. सेल मात्र सी साईझचे सहा लागतात, म्हणजे रेडिओतले ते मोठे नाही अन् घड्याळातले पेन्सिल सेलही नाही, मधातले. गावच्या किराणा दुकानात मागितले तं दुकानदारानं माझ्याकडंच पाहिलं. तालुक्याला जाऊन आणा, अन् सहा-सहाचे दोन संच आणून ठेवा. कायले म्हणाल तं आमच्याइथं नाटक जनरेटरवर, अन् त्यात कोणीतरी बाजारातून सस्ता डुप्लिकेट अडॅप्टर आणून लावला तं स्पीकरमधून हूंऽऽ असा आवाज सुरू झाला, हिरो मरत आहे अन् मागून हूं. साऊंडवाला माझ्यावर चिडला, मी त्याच्यावर. सेलवर टाकला तसा हूं गायब. तेव्हापासून स्टेजवर सेलच, अडॅप्टर घरी तालमीला.

आतले स्पीकर अंगणात तालमीपुरते बरे आहेत, पब्लिकपुढं त्यांच्या भरवशावर राहू नका. बाहेर काढायला एकच भोक आहे, तेच हेडफोनचं अन् तेच मिक्सरचं, म्हणजे मिक्सरला लावलं का तुमचे हेडफोन गेले. पेडल हलके आहेत, सतरंजीवर पायासोबत पुढं पळतात, खाली ओला बारदाना टाकला का बसतात जागेवर.

अन् हो, रियाज. लेकीची बारावी आहे, रात्री घरात ढोलकी काढायची सोय नाही. हेडफोन लावून कहरवा-दादरा घोटायला, मेट्रोनोम (लयीची टिकटिक) लावून लय पक्की करायला हा लयच कामाचा, बाहेर फक्त रबराची टपटप ऐकू येते. शिकणाऱ्या पोरांसाठी पण एक सांगून ठेवतो, याच्यावरच शिकाल तं हात तयार होणार नाही, चाटी (पुडीची कडा) अन् मैदान (कडा अन् शाईच्या मधली जागा) यातला फरक रबरावर बसून कोणाला कळला नाही.

घ्यायला जाल तं दुकानदार काड्या देऊन डेमो गाणं लावून दाखवते, ते ऐकून भुलू नका. काड्या बाजूला ठेवायला सांगा, हँड पर्कशन चालू करून घ्या, तबल्याचा आवाज लावा अन् आपला नेहमीचा एखादा ठेका हळू बोटानं वाजवून पाहा. मिक्सरची जाड पिनवाली वायर तेव्हाच वेगळी घेऊन टाका, नाटकाच्या संध्याकाळी ती कोणाकडंच सापडत नाही.